अभ्यासिकेतली खुर्ची किती दिवस धरून ठेवायची?

आदरणीय ताई,

मी परभणी जिल्ह्यातली, वय 25. 2022 मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालं. शेवटच्या वर्षालाच कॅम्पसमधून एका कंपनीचं ऑफर लेटर मिळालं होतं, बाबांनी गावात पेढे वाटले. मग 'पुढच्या तिमाहीत जॉइनिंग' असं म्हणत म्हणत वर्ष गेलं आणि जून 2023 मध्ये दोन ओळींचा मेल आला, ऑफर रद्द. इतर कंपन्याही फ्रेशर घेत नव्हत्या. मैत्रिणी एमपीएससीसाठी पुण्याला निघाल्या, त्यांच्यासोबत मीही आले. तलाठी भरती थोडक्यात हुकली. 1 डिसेंबर 2024 ची राज्यसेवा पूर्व सहा मार्कांनी गेली. आता 9 नोव्हेंबर 2025 चा पेपर दिलाय. बरा गेलाय, पण मागच्या वेळीही बराच वाटला होता.

नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते. खोली, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला नऊ-दहा हजार लागतात. सप्टेंबरच्या पावसात आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. बाबा काही बोलत नाहीत, पण हल्ली पैसे दोन हप्त्यांत पाठवतात. काका म्हणतात, पोरीला बोलावून घ्या, स्थळं बघू. हिंजवडीत 18 हजारांची कॉन्ट्रॅक्टवरची सपोर्टची नोकरी ओळखीतून चालून आलीय. इंजिनिअर होऊन 18 हजार! मी थांबू की निघू? खरं सांगते, अभ्यासिकेतली खुर्ची सोडायची भीती वाटते. ती सोडली की 'सध्या काय करतेस?' या प्रश्नाला उत्तरच राहत नाही. आणि मग लग्न. रात्री दोन-दोनपर्यंत झोप लागत नाही.

– वैशाली (नाव बदललं आहे)

---

प्रिय वैशाली,

बाबा पैसे दोन हप्त्यांत पाठवतात, हे वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. जी मुलगी हे टिपते तिला जबाबदारीची जाणीव करून द्यायची गरज नाही, त्यामुळे त्यावर मी काही बोलणार नाही. तुला अगं-तुगं करतेय, माझी धाकटी तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे.

आधी त्या सहा मार्कांचं बघू. तू ते असे लिहिलेस जणू तेवढं तुझ्यात काहीतरी कमी आहे. जरा रांगेकडे बघ. तू दिलेल्या 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागा होत्या आणि अर्ज 10 लाखांच्या वर. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी सुमारे 17 लाख 76 हजार अर्ज आले, त्यात इंजिनिअर होते, एमबीए झालेले होते. जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत आकडे दिले, 2014-15 ते 2021-22 या आठ वर्षांत केंद्राच्या नोकऱ्यांसाठी 22 कोटी 5 लाख अर्ज आले आणि निवड झाली 7 लाख 22 हजार जणांची. म्हणजे एका जागेमागे तीनशेच्या वर अर्ज. एकच मुलगा पाच-पाच ठिकाणी फॉर्म भरतो, हे धरलं तरी गर्दी कळते. एवढ्या गर्दीत कट-ऑफच्या रेषेवर शेकडो मुलं एकेका मार्कावर उभी असतात. सहा मार्कांनी हुकलेली मुलगी अभ्यासात कच्ची नसते. पण पुढच्या वेळी तिचं नक्की होईल, असंही त्यातून निघत नाही. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत आणि तुला त्या दोन्ही लक्षात ठेवाव्या लागतील.

आता मंदीचं. कागदावर देशाची अर्थव्यवस्था वाढतेय, हे मी रोज वाचते. पण तुझ्या घरात सोयाबीन गेलं आणि तुझ्या क्षेत्रात फ्रेशरची भरती आटली, त्यामुळे तुझ्यापुरती ही मंदीच आहे. आणि मंदीत सरकारी नोकरीच्या रांगेचं जे होतं ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. बाहेरचं काम आटलं की माणसं रांगेत येतात, हे सगळ्यांना दिसतं. पण त्याच वेळी सरकारची तिजोरीही आटलेली असते, करच गोळा होत नाही. मग जागा निघत नाहीत. एकतीस वर्षं मी कोषागारात काढली, तिजोरीला ओढ लागली की पहिली कात्री कुठे चालते ते मी टेबलावरून पाहिलंय. रिक्त पद भरलं नाही तर कोणी मोर्चा काढत नाही, कारण त्या पदावर अजून माणूसच बसलेला नसतो.

कोरोनाचं उदाहरण तुझ्या आठवणीतलं आहे. 2020 च्या एप्रिल ते जूनमध्ये देशाचं उत्पन्न आधीच्या वर्षीच्या तुलनेत जवळपास 24 टक्क्यांनी घसरलं. त्याच तिमाहीत, 4 मे 2020 ला, आपल्या राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढून आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून सगळी नवी भरती थांबवली होती. केंद्राने लोकसभेतल्या त्याच उत्तरात दिलेले आकडे बघ: 2019-20 मध्ये 1 लाख 47 हजार निवडी, 2020-21 मध्ये 78 हजार, 2021-22 मध्ये 38 हजार. ज्या काळात घराघरात 'आता सरकारीच बघ' असं म्हणत होते, नेमक्या त्याच काळात दार निम्म्याने आणि मग पुन्हा निम्म्याने लहान झालं. आपल्याकडे तर परीक्षाही पुढे-पुढे जात राहिल्या. 14 मार्च 2021 ची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. तुझीच 2024 ची पूर्व 25 ऑगस्टला होती ती 1 डिसेंबरला झाली आणि यंदाची 28 सप्टेंबरची पुरामुळे 9 नोव्हेंबरवर गेली. पुराचं कारण रास्तच होतं, पण पेठेतल्या खोलीचं भाडं पूर बघून थांबत नाही. परीक्षा दीड महिना पुढे गेली की दीड महिन्याचा खर्च बाबांच्या खात्यातून जातो आणि तो कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो.

अशा काळात थांबलेल्यांचं पुढे काय होतं, याचा एक नीट अभ्यास झालेला आहे. तमिळनाडू सरकारने 2001 ते 2006 या काळात पैशाच्या ओढीमुळे बहुतेक भरती बंद ठेवली होती. कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञाने त्या काळातल्या मुलांचा माग काढला. जागाच नाहीत म्हटल्यावर मुलं दुसरीकडे वळायला हवी होती. झालं उलटं. नुकतीच पदवी घेतलेली मुलं आणखी वर्षं बिनकामाची अभ्यास करत बसली आणि पुढे कितीतरी वर्षांनीही त्यांची कमाई मागे राहिलेली दिसली. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र फार वाटलं. 'केलेला अभ्यास वाया जात नाही' असं तुला सगळे सांगतील. मी सांगणार नाही. राज्यघटना आणि अर्थशास्त्र वाचून माणूस शहाणा होतो हे खरं, पण पंचविशीतली तीन-चार वर्षं कमाईविना गेली तर त्याची किंमत पडते, आणि ती तुला भरावी लागते.

माझ्या घरचं सांगते. माझा धाकटा भाऊ हुशार होता. बँकेच्या, रेल्वेच्या, राज्याच्या मिळून सात वर्षं परीक्षा देत राहिला. दर वेळी थोडक्यात. आम्ही घरच्यांनी त्याला कधी टोचलं नाही, आणि मला वाटतं आमची चूक तीच झाली. 'कधीपर्यंत?' हे आमच्यापैकी एकानेही त्याला विचारलं नाही. मी स्वतः नोकरीत होते, महिन्याला त्याला पैसे देत होते, आणि विचारलं तर तो दुखावेल म्हणून गप्प बसले. शेवटी वयाची अट उलटली तेव्हा थांबणं झालं, त्याने ठरवून नव्हे. नंतर त्याने तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं, लोकांचे फॉर्म भरून देतो, चांगलं चाललंय. मात्र एकदा जेवताना म्हणाला, 'हेच चार वर्षं आधी टाकलं असतं तर आईच्या औषधाला तुझ्याकडे मागायला लागलं नसतं.' तुला हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या वेळची अट आणखी सैल आहे. 2016 पासून खुल्या गटाला 38 वर्षांपर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना 43 पर्यंत. सरकारने ते मुलांच्या मागणीवरून केलं, भल्यासाठी केलं. पण दार इतकी वर्षं उघडं राहिलं की आतल्या माणसाला उठायला कारणच उरत नाही. तुझी अट तुलाच घालावी लागेल.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळी. मला वाटतं खरा प्रश्न तिथे आहे. पत्राच्या सुरुवातीला तू नोकरीबद्दल विचारतेस आणि शेवटी खुर्चीबद्दल. ती अभ्यासिकेतली खुर्ची सध्या तुझ्यासाठी तीन कामं करतेय. ती तुला अधिकारी करणार आहे, हे पहिलं. ऑफर रद्द झाल्याचा जो अपमान तू अजून गिळलेला नाहीस, तो ती झाकतेय. आणि ती काकांना थोपवून धरतेय. गावाकडे मुलीने 'मला अजून लग्न करायचं नाही' म्हटलं तर ऐकून घेत नाहीत. 'परीक्षा आहे' म्हटलं की वर्षभर तरी गप्प बसतात. हे मी किती मुलींच्या बाबतीत पाहिलंय! यात तुझं काही चुकलेलं नाही. मुलीला नुसतं 'नको' म्हणायची सोय नसेल तर ती अभ्यासाचा आडोसा घेणारच. पण आडोशाचंही भाडं असतं, तुझं महिना नऊ-दहा हजार आहे, आणि ते भरणाऱ्या माणसाचं पीक या वर्षी पाण्यात गेलंय.

म्हणून या तिन्ही गोष्टी वेगळ्या कर. लग्नाचं बाबांशी स्वतंत्र बोल, परीक्षेचा विषयही काढू नकोस. 'बाबा, मला दोन वर्षं लग्न नको. नोकरी करून मी माझ्या पायावर उभी राहीन आणि मग तुम्हाला सांगेन,' इतकंच. जो माणूस सोयाबीन गेल्यावरही पोरीला पैसे पाठवतो आणि वर एक शब्द बोलत नाही, तो हे ऐकेल असं मला वाटतं. काकांशी काय बोलायचं ते मग बाबा बघतील. आणि त्या रद्द झालेल्या ऑफरचा मेल एकदा उघडून वाच आणि मिटून टाक. 2022 च्या अखेरीपासून या क्षेत्राची भरती थंडावली. जुलै 2025 मध्ये तर टीसीएससारख्या कंपनीने 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. तो मेल तुझ्या गुणवत्तेबद्दल काहीही सांगत नव्हता.

मग उरली नोकरी. माझं मत स्पष्ट आहे: ती 18 हजारांची नोकरी घे.

'इंजिनिअर होऊन' या शब्दांपाशी तू अडलीस, म्हणून थोडा हिशेब. आज लिपिक म्हणून लागलीस तर मूळ वेतन 19,900 पासून सुरू होतं, तलाठ्याचं 25,500 पासून. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं वेगळं, म्हणून हातात बरंच जास्त पडतं, हे मला चांगलं माहीत आहे, मी ती बिलं काढलीत. सरकारी नोकरीचं आकर्षण खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही, माझं घर त्यावरच उभं राहिलं. पण तुझी तुलना चुकतेय. तू हातातल्या 18 हजारांची तुलना न लागलेल्या नोकरीच्या पगाराशी करतेस. ती आजच्या तुझ्या कमाईशी कर. आज दरमहा दहा हजार जातात, येत काही नाही. नोकरी घेतलीस तर तुझा खर्च भागून थोडे उरतील आणि बाबांचा हप्ता थांबेल. आणि एक गोष्ट जाता जाता: तुझ्या घरी 'पेन्शनची नोकरी' म्हणत असतील, तर 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांना माझ्यासारखी जुनी पेन्शन लागू नाही. त्यासाठी कर्मचाऱ्यांनी मार्च 2023 मध्ये आठवडाभर संप केला होता. बाबांच्या डोळ्यांसमोरची नोकरी आणि आजची नोकरी यात बराच फरक पडलाय.

पैशांहून मोठं कारण तुझ्या पदवीचं आहे. 2022 ची कॉम्प्युटरची पदवी घेऊन तू 2028 मध्ये कामाला निघालीस तर समोरचा विचारणार, सहा वर्षं काय केलं? सपोर्टचं काम कंटाळवाणं असतं, शिफ्ट असतात. पण वर्षभराने अर्जात लिहायला एक ओळ मिळते, आणि तुमच्या क्षेत्रात पहिली ओळच मिळत नाही म्हणून तर मुलं अडून बसलीत. होकार द्यायच्या आधी पीएफ कापतात का, पगाराची स्लिप मिळते का, अनुभवाचं पत्र कोणाच्या नावाचं मिळणार, कंपनीचं की मधल्या ठेकेदाराचं, हे मात्र लेखी विचारून घे. मूळ कागदपत्रं कोणी ठेवून घेत असेल किंवा ट्रेनिंगचे पैसे मागत असेल तर लगेच निघून ये.

परीक्षा सोड असं मी म्हणत नाहीये. पूर्व निघाली तर मुख्य नक्की दे, त्यासाठी गरज पडली तर नोकरी सोडूनसुद्धा दे. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, भाषेचे पेपर, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषय, म्हणजे तीन-तीन तास सलग लिहायचा हात तयार करावा लागणार. तिथे अर्ध्या मनाने जाण्यात अर्थ नाही. त्या काळापुरता खर्च नोकरीतून बाजूला ठेव. तुझ्या समाजघटकासाठी सारथी, बार्टी किंवा महाज्योती या सरकारी संस्थांची विद्यावेतनाची योजना लागू होत असेल तर तिची जाहिरात आजच बघून ठेव, बऱ्याच मुली तारीख गेल्यावर विचारतात.

पूर्व निघाली नाही तर नोकरीत राहूनच एक प्रयत्न आणखी कर, पण फक्त राज्यसेवेवर डोळा ठेवून नको. संयुक्त गट ब आणि गट क, बँकांच्या परीक्षा, महापालिका-जिल्हा परिषदेची सरळसेवा, जिथे अभ्यासक्रम एकमेकांत मिसळतो तिथे फॉर्म भर. नोकरी करून अभ्यास कमी होईल, हे मी लपवत नाही. तुझ्या दिवसातले आठ-दहा तास अडीच-तीनवर येतील. पण एक काम कर, आठवडाभर घड्याळ लावून बघ की अभ्यासिकेतल्या दहा तासांतला पुस्तकावरचा वेळ किती, चहाच्या टपरीवरचा किती आणि कट-ऑफच्या चर्चेचा किती. हा आकडा मला कळवायची गरज नाही, तू बघ म्हणजे झालं.

आणि शेवटची तारीख आजच वहीत लिही. माझ्या मते 31 डिसेंबर 2026. त्या दिवशी तुझ्यासमोर तीन परीक्षांचे मार्क आणि तीन कट-ऑफ असतील. मधलं अंतर दर वेळी कमी होत आलं असेल तर पुढच्या वर्षाचा विचार त्या वेळी कर, तोही नोकरीत राहूनच. अंतर तिथेच घुटमळत असेल तर वही मीट. ही तारीख बाबांना सांग आणि तुझ्याच खोलीतल्या एखाद्या मैत्रिणीलाही सांग, म्हणजे ती तुझ्या एकटीच्या मनात राहणार नाही. माझ्या भावाला अशी तारीख कोणी दिली नव्हती.

'सध्या काय करतेस?' या प्रश्नाचं उत्तर तुला पहिल्या पगाराच्या दिवशी मिळेल. त्याआधी कोणी विचारलं तर 'नोकरी शोधतेय आणि निकालाची वाट बघतेय' हे संपूर्ण उत्तर आहे. ते सांगताना मान खाली घालू नकोस.

झोपेचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रात्री दोनपर्यंत जाग असणं एक-दोन आठवड्यांचं असेल तर ठीक, पण महिनोन्महिने असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, किंवा आपण नसलो तर घरचा खर्च वाचेल असा विचार एकदाही मनात येऊन गेला असेल, तर 14416 या नंबरवर फोन कर. टेली-मानस ही सरकारची सेवा आहे, रात्रीही चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. परीक्षेच्या या रांगेत आपण काही मुलं गमावलीत. त्यांच्या घरच्यांनाही आधी काही कळलं नव्हतं.

हिंजवडीच्या त्या ओळखीच्या माणसाला सोमवारपर्यंत हो-नाही कळव, अशा जागा फार दिवस थांबत नाहीत. आणि आज संध्याकाळी घरी फोन केलास तर आधी आईशी बोल. पैशांचं नको, अभ्यासाचं नको. रब्बीला काय पेरलंय ते विचार.

तुझी,
ताई